पाचशे एकतीस मिलिग्रॅम

‘बायकोची रायफल हल्ली नीट लागत नाही,’ हे वाक्य मी पहिल्यांदा बंगळुरातल्या आमच्या अपार्टमेंटच्या लिफ्टमध्ये मोठ्याने उच्चारलं, आणि तिथेच चुकलो. लिफ्टमध्ये आमच्या मजल्यावरचे बसवंतअण्णा होते, त्यांना उद्देशून मी ते बोललो होतो. पण आणखी दोघे अनोळखी गृहस्थही होते. त्यांना मराठी येत नसावं, मात्र ‘रायफल’ हा शब्द सगळ्याच भाषांत सारखा आहे. ते दोघे दुसऱ्या मजल्यावर उतरले. दुसऱ्या मजल्याचं बटण कोणीच दाबलेलं नव्हतं, त्यांनीच घाईघाईने दाबलं.

तुमचाही तसा समज होण्याआधी सांगतो. माझी बायको सुचेता पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, रसायनशास्त्र शिकवते आणि आठवड्यातून तीनदा येलहंकाच्या पुढे एका रेंजवर जाऊन एअर रायफल चालवते. दहा मीटरवरच्या कागदावर. त्या कागदाच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका असतो तो टाचणीने पाडलेल्या भोकाएवढा, आणि त्याला शिशाचा एक चिमुकला छर्रा लावायचा असतो. असे चाळीस छर्रे, चारशे गुण. कोणाच्या केसालाही धक्का लागत नाही. लागलाच तर नवऱ्याच्या स्वाभिमानाला लागतो, कारण मी एकदा प्रयत्न केला तेव्हा माझा छर्रा शेजारच्या माणसाच्या कागदावर लागला होता आणि त्याचे त्याला आठ गुण मिळाले होते.

तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सुचेताला तीनशे पंच्याहत्तरच्या आसपास गुण पडायचे. त्यानंतर एकदम तीनशे साठ. नऊ, दहा, दहा, नऊ असं छान चाललेलं असताना मध्येच एखादा सात यायचा, कधी सहासुद्धा, आणि तोही कधी वर, कधी डावीकडे. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी पंचेचाळिशीच्या पुढच्यांची राज्य स्पर्धा होती. तिथून देशपातळीवर जायला तीनशे सत्तर हवेत. गेल्या वर्षी तिचे दोन गुण कमी पडले होते. त्या दिवशी घरी आल्यावर ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. एकवीस वर्षांच्या संसारात तिने माझ्यापासून लपवून रडावं असं मी पहिल्यांदाच पाहिलं, म्हणजे ऐकलं. तो नळाचा आवाज माझ्या डोक्यातून गेला नव्हता. यंदा तो पुन्हा ऐकायची माझी तयारी नव्हती.

म्हणून मी म्हणालो, दोष मी शोधतो. हे मी कोणत्या अधिकाराने म्हणालो, तर मी एका सॉफ्टवेअर कंपनीत अठरा वर्षं लोकांच्या चुका शोधतो. त्याचाच मला पगार मिळतो. आमच्या खात्यात माझं एक वाक्य प्रसिद्ध आहे: कोणी कशाला हात लावला, कधी लावला, हे लिहून ठेवलं नसेल तर तो बदल नसून गुन्हा आहे. हे वाक्य छापून माझ्या टेबलामागे लावलेलं आहे. आता ते काढून टाकावं म्हणतो.

बसवंतअण्णा मूळचे निपाणीकडचे. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं यंत्राचे सुटे भाग तपासून निवृत्त झालेले. त्यामुळे आमची दोघांची जात एकच, दोष काढणाऱ्यांची. लिफ्टमधून उतरल्यावर ते माझ्याबरोबर थेट घरात आले, चहा घेतला आणि निकाल दिला.

“रायफल बिघडत नसतीय ओ अवधूतराव. माल बघा, माल. एका डब्यातले पाचशे नग सारखे असत्यात व्हय? तोलून बघा की स्वल्प.”

मला हे एकदम पटलं. पटण्याचं खरं कारण असं की तोलणं मला जमण्यासारखं होतं. इंटरनेटवर पाहिलं तर जगभरची शहाणी माणसं हेच करत होती. कोणी छर्रे तोलत होतं, कोणी धूत होतं, कोणी त्यांना तेलाचा हात लावत होतं. चिकपेटेत जाऊन मी एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा सराफी काटा विकत आणला. दुकानदाराने अदबीने विचारलं, सोनं की हिरे? मी म्हणालो, शिसं. त्यानंतर त्याने मला काटा कागदात गुंडाळूनही दिला नाही.

एक छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. पाचशे एकतीस मिलिग्रॅम हे त्याचं योग्य वजन, असं मी ठरवलं. का, ते विचारू नका, सगळ्यात जास्त छर्रे त्या वजनाचे निघाले म्हणून. पण एक मिलिग्रॅम ही फार चंचल गोष्ट आहे. पंखा चालला की काटा हलतो. खिडकी उघडी असली की हलतो. वरच्या मजल्यावर मिक्सर लागला, रस्त्यावरून बस गेली, मी श्वास सोडला, तरी हलतो. तेव्हा पंखा बंद, खिडक्या बंद आणि श्वास रोखून मी रोज संध्याकाळी दोन तास जेवणाच्या टेबलावर छर्रे तोलू लागलो. सुचेता जाता-येता पाहायची. तिच्या प्रयोगशाळेत काट्यावर काचेची पेटी असते, एवढं एकदा म्हणाली. बाकी बोलायची नाही. तिच्या या न बोलण्याची मला फार काळजी वाटायची.

तोललेले छर्रे वजनाप्रमाणे वेगळे ठेवायचे तर बरीच छोटी छोटी भांडी हवीत. मला इडलीपात्र सुचलं. सोळा खळगे, प्रत्येकात एक वजन. या कल्पनेचं मला इतकं कौतुक वाटलं की मी फोटो काढून ऑफिसात पाठवला. सुचेताने ते पाहिलं आणि ती शांतपणे म्हणाली, शिसं आहे ते, आता त्यात इडली होणार नाही. नवं पात्र येईपर्यंत आमच्याकडे उपमा होता. बंगळुरात राहून घरात इडली बंद, हे मी बसवंतअण्णांनासुद्धा सांगितलं नाही.

मग धुण्याचा प्रयोग. पाचशे एकतीसवाले सगळे छर्रे मी भांड्याच्या साबणाने धुतले आणि एका पंचावर बाल्कनीत वाळत घातले. पंचा वाऱ्याने उडाला. आमच्या बरोबर खाली हर्ष राहतो, तो असोसिएशनचा सेक्रेटरी. वय बत्तीस, पण नियमावली तोंडपाठ. त्याच्या बाल्कनीत पंचा आणि शंभरएक छर्रे पडले. पाच मिनिटांत अपार्टमेंटच्या ग्रुपवर फोटो आला: ‘वरून गोळ्या आल्या आहेत.’ खाली चौऱ्याऐंशी घरांचे प्रश्न. कोणीतरी विचारलं, कोणी जखमी आहे का. लिफ्टमधल्या त्या दोघांपैकी एकाने लिहिलं की त्याला हे आधीच माहीत होतं.

हर्षने मला बोलावून सांगितलं की वैयक्तिक राग नाही, पण पोलिसांचं पत्र हवं. मी आमच्या हद्दीच्या ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी कागद पाहिले आणि सांगितलं, या रायफलीला परवाना लागत नाही. परवाना नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून पत्र नाही. मी हे हर्षला सांगितलं. तो म्हणाला, उत्तम, मग परवाना लागत नाही असं लिहून आणा. मी पुन्हा ठाण्यात. साहेब म्हणाले, ज्याला काही लागत नाही त्याला काही लागत नाही असं लिहून देण्याचा नमुना आमच्याकडे नाही. बाकावर माझ्या शेजारी एक मनुष्य बसला होता, तो मला विचारत होता की तुम्ही कोणाला मारलं. बायकोच्या छंदासाठी आलोय म्हटल्यावर तो थोडा लांब सरकून बसला.

तिसऱ्या खेपेला बसवंतअण्णा बरोबर आले. त्यांनी तिथल्या हवालदाराशी कानडीत बोलायला सुरुवात केली. हवालदाराची बहीण निपाणीजवळच्या चिकोडीला दिलेली निघाली. पुढची वीस मिनिटं रायफलीचा विषयच निघाला नाही. शेवटी हवालदाराने माझ्याच अर्जाच्या कोपऱ्यात ‘पोहोचला’ असा गोल शिक्का मारून दिला. हर्षने तो शिक्का उजेडात धरून पाहिला, आतला मजकूर वाचला नाही, आणि कागद फायलीला लावला. “सरी,” तो म्हणाला, म्हणजे झालं. माझे तीन अर्धे दिवस रजेचे गेले होते.

एवढं करून गुण किती? पाचशे एकतीसवाल्या डब्याने तीनशे एकसष्ट. पाचशे तीसने तीनशे त्रेसष्ट. न तोललेल्या, न धुतलेल्या, दुकानातून आणलेल्या डब्याने तीनशे बासष्ट. मी हे आकडे मांडून पाहिले. छर्ऱ्यात दोष नव्हता. सुचेताच्या प्रशिक्षक कावेरी मॅडम, कोडगूच्या म्हणजे कूर्गच्या, बंदुकांच्या घरातल्या. त्यांनी नळीतून साफसफाईचे बोळे मारून पाहिले, ते स्वच्छ निघाले. त्यांनी स्वतः पाच छर्रे मारले, नेमके पाचही बरे गेले. मग राहिलं कोण?

इथे मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी सुचेताला म्हणालो, एकदा डोळे तपासून घेऊ या का? आपलं वय होतं, त्यात काही नाही. डोळे तपासले, नंबर जरासुद्धा बदललेला नव्हता. मग मी तिचे बूट तपासले, श्वास मोजला, सकाळची कॉफी बंद करायला सांगितली. तिने सगळं ऐकलं. माझं सगळं ऐकणारी सुचेता मी याआधी पाहिलेली नाही. स्पर्धेच्या आठवडाभर आधी भाजी चिरता चिरता ती म्हणाली, “माझ्यातच काहीतरी गेलंय, अवधूत. डिसेंबर झाला की रायफल विकून टाकू.”

ती हे रडत म्हणाली असती तर मला काही सुचलं असतं. ती गवार निवडावी तशी म्हणाली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, ती प्रात्यक्षिक परीक्षेसाठी कॉलेजला गेली होती. बसवंतअण्णा आले आणि त्यांच्या सवयीप्रमाणे कारखान्यातली एक गोष्ट सांगत बसले. कुठल्याशा भागाला भोक पाडलेलं असायचं. भोक अगदी मापात, तरी माल परत यायचा. महिनाभर सगळे भोक मोजत बसले. शेवटी कळलं की भोकाच्या तोंडाशी धातूची बारीक कोर राहत होती. आत सगळ्यांनी पाहिलं, तोंड कोणी पाहिलंच नाही. एवढं सांगून ते दूध आणायला गेले.

मी दार लावलं. रायफल पेटीतून काढली. नळीच्या पुढे एक पोकळ तोंडकं असतं, त्याच्यावरच नेम धरायची पुढची साईट बसवलेली असते. मोबाईलचा टॉर्च लावून मी त्या तोंडक्यात डोकावलो.

आत लाल होतं.

गंज नव्हता. वाळून टणक झालेला लाल थर होता, आणि त्याच्या कडेला थोडं पिवळं. मी तो रंग ओळखला. घरातल्या डबीतला रंग होता तो.

आता मघाशी न सांगितलेली गोष्ट सांगतो. खंडेनवमीला इथे आयुधपूजा म्हणतात आणि सगळं शहर आपापल्या यंत्रांना हळदकुंकू लावतं. बस, रिक्षा, लेथ, झेरॉक्सचं मशीन, काही सुटत नाही. त्या दिवशी सुचेता भावाच्या वास्तुशांतीला पुण्याला गेली होती. मी एकट्याने गाडी पुजली, दोन लॅपटॉप पुजले, मिक्सर पुजला, पाण्याचा फिल्टरही पुजला. आणि मग माझ्या मनात आलं, या चौऱ्याऐंशी घरांत खरोखरचं आयुध एकट्या आपल्याकडे आहे आणि आपण फिल्टर पुजतोय. मी रायफल काढून पाटावर ठेवली. हळद आणि कुंकू पाण्यात कालवलं. ते कपाळाला लावायचं असतं. रायफलीचं कपाळ कुठलं, यावर मी पाच मिनिटं विचार केला आणि समोरून पाहिल्यावर जे दिसतं ते, असं ठरवून तोंडाला ठसठशीत बोट लावलं. वर अक्षता. संध्याकाळी आठवलं की रायफलीला कोणी हात लावायचा नाही असा तिचा नियम आहे. मग मी बाहेरून फडक्याने पुसलं, पेटीत ठेवलं आणि विसरलो. आतला थर तसाच राहिला. बाहेर पडणारा एखादा छर्रा त्याला घासायचा आणि सातात जायचा.

म्हणजे दोन महिने मी कारखान्यावर, हवेवर, बायकोच्या डोळ्यांवर आणि वयावर संशय घेत हिंडलो आणि आरोपी मीच होतो. मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभा राहिलो.

सांगायचं की नाही हा प्रश्न मी पुढे ढकलला आणि आधी थर काढायचा ठरवला. दोन स्क्रू सैल केले, तोंडकं काढलं, ओल्या इअरबडने पुसत बसलो. एक तांदळाचा दाणाही निघाला. मग तोंडकं परत बसवलं, स्क्रू आवळले. आवळताना लक्षात आलं की साईट याच्यावरच आहे, आणि आधी ती नेमकी कशी होती याची मी खूण केलेली नाही. मी आधी होती तशीच बसवली असावी. ‘असावी’ हा शब्द माझ्या हाताखालच्या पोरांनी वापरला तर मी त्यांना बाहेर काढतो.

ती दुपारी आली. मी चार वेळा तोंड उघडलं. एकदा जेवताना, एकदा चहाला, दोनदा काही कारण नसताना. चौथ्या वेळी ती म्हणाली, उद्या संध्याकाळपर्यंत मला काही सांगू नकोस, डोकं अगदी मोकळं ठेवायचंय. हे ऐकून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याबद्दल स्वतःची शिसारी आली.

रविवारी सकाळी आम्ही रेंजवर पोहोचलो. बसवंतअण्णा थर्मास घेऊन आले होते. सुचेताने माझा पाचशे एकतीसचा डबा काढून शेजारी ठेवला. बाकीच्या बायका सरळ दुकानातल्या डब्यांतून छर्रे घेत होत्या. सरावाच्या छर्ऱ्यांची वेळ सुरू झाली. त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते समोर पडद्यावर सगळ्यांना दिसतात.

पहिला छर्रा. सहा. खाली, डावीकडे.

तिने रायफल खाली घेतली. मागे वळली. प्रेक्षकांत पन्नास माणसं होती, तिने नेमकं माझ्याकडे पाहिलं. मी थर्मासच्या झाकणाकडे पाहिलं. बसवंतअण्णा कुजबुजले, वारा असंल. बंद हॉल होता.

दुसरा छर्रा, सहा. खाली, डावीकडे. कावेरी मॅडम खुर्चीतून उठल्या. तिसरा, पुन्हा सहा. मला आता तिथून निघून बस पकडून थेट पुण्याला जावंसं वाटू लागलं. पण मग मी पडद्याकडे नीट पाहिलं. तिन्ही भोकं एकमेकांवर बसली होती. दोन महिन्यांत तीन छर्रे असे एका जागी गेले नव्हते. म्हणजे रायफल सुधारली होती, सरकली होती ती फक्त साईट.

हे तिने माझ्या आधी पाहिलं होतं. तिने साईटचे दोन स्क्रू हलके फिरवले, कट्‌ कट्‌ आवाज आला असेल, मला माझ्या छातीचाच येत होता. चौथा छर्रा नऊ. आणखी एक कट्‌. पाचवा दहा. तिने दीर्घ श्वास घेतला आणि मग चाळीस छर्रे होईपर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही. मी ते चाळीस कसे काढले ते सांगत नाही. विसाव्याला अण्णांनी माझा हात सोडवून घेतला, त्यांच्या मनगटावर माझी नखं उमटली होती. चाळिसावा पडला तेव्हा पडद्यावर आकडा होता तीनशे अठ्ठ्याहत्तर.

लोक टाळ्या वाजवत होते. ती रायफल पेटीत ठेवून सरळ माझ्यापाशी आली आणि मला भिंतीकडे घेऊन गेली.

“कोणी हात लावला होता रायफलला?”

मी सगळं एका दमात सांगितलं. खंडेनवमी, कपाळ, कुंकू, इअरबड, स्क्रू, तांदूळ. डोळ्यांच्या डॉक्टरचंही सांगितलं, ते तिला माहीत होतं तरी.

“पहिल्या छर्ऱ्याला माझं काळीज थांबलं होतं,” ती म्हणाली. “आणि दोन महिने मी समजत होते की मी संपले. तू मला डोळे तपासायला नेलंस, अवधूत.”

नुसतं ‘हो’ म्हणालो. तिचे डोळे भरून आले होते आणि या वेळी ती ते लपवत नव्हती. तेवढ्यात कावेरी मॅडम, त्यांच्यामागे क्लबच्या पाच-सहाजणी आणि अण्णा येऊन थडकले. मॅडमनी तिला मिठी मारली आणि सरळ विचारलं की एका आठवड्यात असं काय बदललं. मी जमिनीकडे पाहू लागलो. आता सगळ्या रेंजसमोर कुंकू निघणार, उद्या ग्रुपवर येणार, परवा ऑफिसात. आणि ते यायलाच हवं होतं.

सुचेताने रुमालाने डोळे पुसले.

“छर्रे,” ती म्हणाली. “अवधूतने एकेक तोलून निवडले. दोन महिने, रोज दोन तास.”

अण्णांनी अभिमानाने सगळ्यांकडे पाहिलं, मी सांगितलं नव्हतं का, माल बघा म्हणून. सगळ्याजणी माझ्याकडे वळल्या. माझ्याकडे इतक्या आदराने कोणी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला जमिनीत जावंसं वाटत होतं. कावेरी मॅडम म्हणाल्या की क्लबच्या कपाटात पाचशेचे चौदा डबे पडून आहेत, राष्ट्रीय स्पर्धेआधी सगळ्या संघासाठी असे निवडून मिळाले तर फार उपकार होतील. जमेल का?

मी तोंड उघडलं.

“जमेल,” सुचेता हातमोजा काढत म्हणाली. “दर रविवारी तो मोकळाच असतो.”